स्कूटरच्या डिकीला दुसरी इमर्जन्सी केबल: कुठे जोडायची, कुठून न्यायची, टोक कुठे ठेवायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमची ११० सीसीची जुन्या पद्धतीची स्कूटर आहे, पेट्रोलचं झाकण सीटखालीच आहे. भर पावसात सीट लॉकची केबल तुटली, आत रेनकोट, कागदपत्रं, वर पेट्रोलचा काटा पार खाली, आणि शेवटी ज्याने डिकी उघडून दिली त्याने बाजूचं फायबर तोडून ठेवलं. आता परत असं झालं तर बाहेरून ओढून सीट उघडेल अशी दुसरी केबल टाकून घ्यायची आहे. ती टाकता येते का, टाकली तर चोराचं फावणार नाही ना, आणि भावाच्या इलेक्ट्रिक स्कूटरला असं काही जमेल का.

टाकता येते. मी चिपळूणला गॅरेज चालवतो, आमच्याकडे पाऊस किती असतो ते सांगायला नको, त्यामुळे गंजलेल्या सीट केबली हे आमचं पावसाळ्यातलं नेहमीचं काम. पण आधीच एक गोष्ट स्पष्ट सांगतो, लोक दुसरी केबल म्हणून जे काही करून घेतात त्यातलं बरंचसं निरुपयोगी असतं. जुन्या केबलच्याच मधे कुठेतरी एक तार बांधतात आणि ती बाहेर काढून ठेवतात. मग निपल, म्हणजे तारेच्या टोकाचा अडकवायचा धातूचा गोळा, मागच्या टोकाला सुटलं की दोन्ही एकदमच गेल्या. इमर्जन्सी केबल ही थेट सीटखालच्या खटक्यालाच जोडलेली पाहिजे, जुन्या केबलशी तिचा काही संबंध नको, आणि तिचं बाहेरचं कव्हर दोन्ही टोकांना घट्ट धरलेलं पाहिजे. एवढ्या दोन गोष्टी नीट झाल्या तर बाकीचं काम सायकलची ब्रेक केबल टाकण्याइतकंच आहे.

आता मुळात ही केबल का तुटते ते बघू, कारण ते कळलं की दुसरी कुठून न्यायची ते आपोआप कळतं. तुमच्या सीटच्या खाली मागच्या बाजूला एक यू आकाराची सळई असते, सीट दाबली की ती चेसीवरच्या खटक्यात बसते. त्या खटक्याला स्प्रिंग असतो आणि एका बाजूला केबलचं निपल अडकवलेलं असतं. चावी तुम्ही पुढे हँडलखाली फिरवता, तिथून केबल निघते, फूटबोर्डच्या खालून चेसीच्या कडेने मागे येते. म्हणजे चांगली लांब आहे आणि तिला दोन-तीन वळणं आहेत. आत बारीक तारांची वळलेली वायर, तिला आम्ही इनर म्हणतो, आणि बाहेर स्टीलच्या गुंडाळीवर प्लास्टिक चढवलेलं कव्हर, ते आउटर. १८९६ साली इंग्लंडमध्ये बाउडेन नावाच्या माणसाने या केबलचं पेटंट घेतलं, तेव्हापासून तत्त्व तेच आहे, आउटर जागचा हलता कामा नये आणि इनर आत सरकली पाहिजे. आउटर एका टोकाला सैल असेल तर तुम्ही कितीही ओढा, आउटरच सरळ होत जातो आणि खटका जागेवरच राहतो.

पाणी शिरतं ते आउटरच्या टोकातून, आणि चाकाने उडवलेला चिखल फूटबोर्डखाली बसतो तिथून. एकदा पाणी आत गेलं की ते खोलगट वळणात साचून राहतं, इनरला गंज चढतो, चावी जड फिरायला लागते, मग माणूस जोर लावतो, आणि एकेक तार तुटत जाते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचा पूर गावात शिरला तेव्हा ज्या गाड्या बुडाल्या त्यांची इंजिनं लोकांनी लगेच उघडून साफ करून घेतली, पण सीटच्या केबलकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. नंतर त्या केबली एकेक करून अडकायला लागल्या. काढून झटकल्या तर आउटरमधून वाळलेला गाळ पडायचा.

तुटण्याआधी गाडी सांगत असते बरं का. चावी नेहमीपेक्षा जास्त फिरवावी लागते, सोडल्यावर ती आपणहून मागे येत नाही, किंवा एकाने सीट दाबली तरच उघडते. यातलं काही दिसलं की त्याच आठवड्यात मेन केबल बदलून टाका. आणि हो, डिकी खच्चून भरलेली असली की आतलं सामान सीटला खालून वर रेटतं, सळई खटक्यात आवळून बसते आणि केबलवर उगाच ताण येतो. अशा वेळी एका हाताने सीटचा मागचा भाग खाली दाबून मग चावी फिरवा, कैकदा केबल तुटली म्हणून आणलेली गाडी नुसती एवढ्यावर उघडते.

जागा ठरवणं हे खरं डोक्याचं काम. केबलचं बाहेरचं टोक असं पाहिजे की तुम्हाला हातात एखादं हत्यार घेऊन दोन-तीन मिनिटांत सापडेल पण पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या माणसाला नुसता हात घालून ओढता येणार नाही. नंबर प्लेटच्या मागे किंवा मागच्या मडगार्डखाली लोंबतं सोडणारे आहेत, मला ते अजिबात पटत नाही, एक तर ती जागा सगळ्यांना माहीत झाली आहे आणि दुसरं म्हणजे मागच्या चाकाचा सगळा चिखल तिथेच. माझी पसंती अशा जागेला की जिथे किमान एक स्क्रू काढावा लागतो. ज्या गाड्यांत बॅटरी पायाखालच्या कव्हरमध्ये असते त्यांच्यात त्या कव्हरच्या आत टोक ठेवता येतं, दोन स्क्रू काढले की हाताला लागतं. पुढे कुलूपवाली ग्लोव्ह बॉक्स असेल तर तिच्या मागच्या पोकळीतही चालतं, पण मग केबल लांब होते आणि मेन केबलच्याच वाटेने जाते, म्हणजे तिचेच आजार हिलाही होणार. जितकी आखूड तितकी चांगली. बॅटरीजवळ टोक ठेवलं तर एक काळजी घ्याच, इनरचं उघडं स्टील बॅटरीच्या प्लसला लागलं तर ठिणगी उडते, वायर लाल होते, म्हणून टोकाला हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवा आणि टोक टर्मिनलच्या उलट्या बाजूला बांधून ठेवा.

तुमच्या गाडीचं टोक नक्की कुठे ठेवलंय ते घरातल्या एकाच माणसाला सांगा, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकू नका. आणि बंद सीट बाहेरून कुठल्या फटीतून हुक घालून उघडते ते मला माहीत असलं तरी मी इथे लिहिणार नाही, ते वाचून शिकणारे सगळे गाडीचे मालकच असतील असं नाही.

सामान काय लागतं तर सायकलच्या दुकानात मिळणारी मागच्या ब्रेकची लांब केबल आउटरसकट. तिची इनर साधारण दीड मिलिमीटरची असते, या कामाला भरपूर. गियरची केबल घेऊ नका, ती बारीक असते आणि पक्कड लावून ओढताना हाताला कापते. सायकलच्या ब्रेकचा एक बारीक अॅडजस्टर स्क्रू, एक स्क्रूवालं निपल, आउटरच्या टोकाच्या टोप्या, केबल टाय, आणि लोखंडी एल पट्टीचा एक छोटा तुकडा. स्टेनलेसची इनर मिळाली तर दोन पैसे जास्त गेले तरी तीच घ्या, कोकणात तर नक्कीच.

काम सीट उघडी असतानाच होतं, म्हणजे आधी मेन केबल नवीन टाकून सीट नीट उघडबंद होते हे बघून घ्यायचं. सीटच्या पुढच्या बिजागरीचे नट बहुतेक गाड्यांना दहाच्या पान्याने सुटतात, मग आतला सामानाचा प्लास्टिकचा डबा, त्याचेही बोल्ट काढायचे आणि डबा वर उचलायचा. तुमच्या गाडीत पेट्रोलचं तोंड त्या डब्याच्या जवळच असल्याने झाकण घट्ट लावून मगच डबा हलवा आणि डबा निघाला की टाकीच्या तोंडावर एक जाड फडकं घाला, एखादा वॉशर आत पडला तर टाकी उतरवायची पाळी येते. आसपास कुणाला विडी-सिगारेट ओढू देऊ नका.

डबा निघाला की खटका समोर उघडा दिसतो. इथे घाई न करता जरा वेळ नुसतं बघा. मेन केबल खटक्याची पात कुठल्या दिशेला ओढते, ती किती सरकली की सळई सुटते, ते बोटाने ओढून बघा, स्केल लावा, बऱ्याच गाड्यांत साधारण सेंटिमीटरभर ओढ लागते. तुमची नवीन केबल त्याच दिशेला ओढणारी पाहिजे, थोडाफार तिरपेपणा चालतो पण आडवी ओढ असेल तर पात कोपऱ्यात घासते आणि अडकते. पातीला जादा भोक असेल तर नशीबच, त्यातून इनर ओवायची आणि मागून निपल बसू द्यायचं. भोक नसेल तर ड्रिल मारायला जाऊ नका, ती पात कडक केलेली असते आणि पातळ जागी भोक पडलं तर ऐन वेळी तिथूनच चिरते. त्यापेक्षा पातीच्या मानेभोवती इनरचा छोटा फास करून फेरूलने, म्हणजे तारेवर दाबून बसवायच्या धातूच्या छोट्या नळीने, दाबून टाका. फास इतका घट्ट नको की पात हलणार नाही आणि इतका ढिला नको की घसरून खाली येईल. हे महत्त्वाचं अशासाठी की रोज तुम्ही चावीने सीट उघडणार तेव्हा पात पुढे जाणार आणि ही दुसरी इनर दर वेळी क्षणभर सैल पडणार. सैल पडल्यावर ती जागेवरून सुटली तर आत सुटून पडलेली केबल तुम्हाला दिसणारही नाही.

आता आउटर धरायची जागा. मेन केबलच्या आउटरला खटक्याच्या प्लेटवर खाच असते, दुसऱ्याला ती नसते, तिथेच ती एल पट्टी लागते. खटक्याच्या प्लेटचा जो बोल्ट चेसीला आहे त्याच्याखाली पट्टी कसायची, पट्टीच्या उभ्या बाजूला अॅडजस्टर बसेल एवढं भोक, अॅडजस्टर त्यात कसला की आउटरचं टोक त्यात टेकतं. केबल टायने आउटर चेसीला आवळून त्यालाच टेकू समजणारे आहेत, पण टाय प्लास्टिकचा, उन्हात ताणला जातो आणि जोरात ओढलं की आउटर त्यातून सरकतो. टाय फक्त केबल लोंबू नये म्हणून, ताण पट्टीने घ्यायचा.

केबल नेताना एक लक्षात ठेवा, स्कूटरचं इंजिन मोटरसायकलसारखं चेसीला पक्कं नसतं. मागचं चाक आणि इंजिन एकत्रच खड्ड्यात वरखाली होतं. म्हणून एअर फिल्टरच्या डब्याला, इंजिनच्या कव्हरला किंवा त्याच्यावरून जाणाऱ्या नळीला ही केबल कधीच बांधायची नाही, नाहीतर एखाद्या मोठ्या खड्ड्यात केबल ओढली जाईल आणि चालत्या गाडीवर सीटचा खटका सुटेल. फक्त चेसीच्या पाइपला बांधायची. सायलेन्सरच्या बाजूने न्यायची नाही, वायरिंगच्या जाड गुच्छात घुसवायची नाही आणि वळण मोठं ठेवायचं, हाताचा पंजा पसरला तर त्याच्याभोवती जेवढं येईल त्यापेक्षा लहान वळण नको. बाहेरचं टोक शक्यतो खाली तोंड करून ठेवा, म्हणजे पाणी आत जायच्या ऐवजी गळून जाईल. टोकाच्या बाजूलाही आउटर कशात तरी टेकलेला पाहिजे, तिथे दुसरी पट्टी किंवा कव्हरच्या आतल्या बाजूला असलेला एखादा लोखंडी कान वापरा, प्लास्टिकचा नको.

इनर कापायच्या आधी कापायच्या जागी टेप गुंडाळा आणि धारदार कटरने एका झटक्यात कापा. पक्कडीने चघळलेली इनर फुलासारखी उमलते आणि मग ती आउटरमध्ये परत जातच नाही. टोकाला स्क्रूवालं निपल, त्याच्या पुढे एक चावीची रिंग, झालं तुमचं हँडल. आउटरला आतून प्लास्टिकची नळी असेल तर ग्रीस भरू नका, ग्रीसमध्ये धूळ अडकते आणि थंडीत ते जड होतं, पातळ ऑईलचे थोडे थेंब सोडले की पुरे. नळी नसलेला साधा आउटर असेल तर मात्र आधी ऑईलमध्ये इनर भिजवून मग ओवा.

अॅडजस्टरने इनरमध्ये थोडी ढील ठेवायची, दोन-तीन मिलिमीटर. ही ढील नसली की केबल खटक्याला कायम किंचित ओढून धरते आणि सीट बंद झाल्यासारखी वाटते पण अर्धवटच अडकलेली असते. ती गर्दीत कुणीही उचलून उघडू शकतं. उलट ढील फार झाली तर ओढूनही पात पुरेशी सरकत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. सीट अजून लावायची नाही. एक जाडसा स्क्रूड्रायव्हर घ्या, त्याचा दांडा सीटच्या सळईसारखा आडवा धरून वरून खटक्यात दाबा, खट्ट आवाज येऊन तो अडकेल. आता स्क्रूड्रायव्हर वर ओढून धरा, म्हणजे भरलेल्या डिकीसारखा ताण येईल, आणि दुसऱ्या माणसाला इमर्जन्सी केबल ओढायला सांगा. सुटला पाहिजे. परत दाबा, आता चावीने सोडा. मग परत केबलने. चावीने सोडल्यावर दुसरी इनर जागेवर आहे ना, फास घसरला नाही ना, पात स्प्रिंगने पूर्ण मागे येते ना, हे डोळ्याने बघा. पात सावकाश येत असेल तर नवीन केबलचं घर्षण जास्त आहे, कुठेतरी वळण तंग आहे, ते सोडवल्याशिवाय पुढे जायचं नाही. हे सगळं समाधान होईपर्यंत करून मगच डबा, सीट बसवा, आणि सीट पहिल्यांदा बंद करताना चावी डिकीत नाही हातात आहे याची खात्री करा. केबल नीट चालत नाही हे बंद सीटवर कळलं तर जे टाळायला हा खटाटोप केला तेच होऊन बसेल.

डबा काढलेला असताना मोबाईलवर फोटो काढून ठेवा, केबल कुठून गेली ते दिसेल असे. पुढे दुसरा कुणी मेकॅनिक गाडी उघडेल तेव्हा त्याला ही तार कसली हे कळलं पाहिजे, नाहीतर तो जादाची समजून कापून टाकेल. केबलच्या आउटरवर पांढऱ्या टेपवर सीट असं लिहून चिकटवलं तरी चालतं.

नियमाचं विचाराल तर या केबलने आरसीवरच्या कुठल्याच माहितीत फरक पडत नाही, त्यामुळे त्याची चिंता नको. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र आधी सर्व्हिस सेंटरला विचारा, लॉक सेटला हात लावला म्हणून ते पुढे वाद घालू शकतात. नवीन गाडी घेताना पेट्रोलचं तोंड बाहेर असलेली घेतली तर निदान अर्धी अडचण कमी होते, ज्युपिटरला ते सुरुवातीपासून बाहेर आहे आणि अॅक्टिव्हाला २०२० च्या ६जी पासून आलं. केबल तुटली तरी पेट्रोल भरून घरी तर येता येतं.

तुमच्या भावाच्या इलेक्ट्रिक गाडीचं वेगळं आहे. तिचं सीट लॉक बटणावर किंवा स्क्रीनवर चालत असेल तर आत छोटी मोटर किंवा सोलेनॉइड (करंट दिला की खटका ओढणारं चुंबक) आहे आणि ते मोठ्या बॅटरीवर थेट चालत नाही, १२ व्होल्टच्या लाइनवर चालतं. काही गाड्यांत त्यासाठी वेगळी छोटी बॅटरी असते आणि ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही सीट उघडत नाही, आणि ती छोटी बॅटरी सीटखालीच असली की माणूस हतबल होतो. आधी गाडीचं मॅन्युअल काढून बघायला सांगा, कंपनीनेच हाताने ओढायची केबल किंवा चावीचं भोक दिलेलं असतं आणि मालकाला ते माहीतच नसतं असं पुष्कळदा बघतो. नसेल तर तिथे केबल टाकण्यापेक्षा १२ व्होल्टच्या बॅटरीवरून दोन वायरी कव्हरच्या आत हाताला लागतील अशा आणून ठेवणं बरं. प्लसच्या वायरीला बॅटरीजवळच फ्यूज, दोन्ही टोकांना झाकणवाला कनेक्टर, आणि लाल-काळा रंग पक्का. बॅटरी उतरली की बाहेरून दुसरी १२ व्होल्टची बॅटरी लावायची, गाडी जागी होते आणि बटणाने सीट उघडते. प्लस-मायनस उलटं झालं तर मात्र कंट्रोलरला फटका बसू शकतो, म्हणून हे काम इलेक्ट्रिकचं कळणाऱ्याकडूनच करून घ्या, आणि मोठ्या बॅटरीच्या जाड वायरींना कुणालाही हात लावू देऊ नका.

तुमच्या गाडीचं काम कुठलाही बरा मेकॅनिक अर्ध्या दिवसात करतो. त्याला जाताना एवढंच सांगा की केबल खटक्याला जोडायची आहे, जुन्या केबलला नाही, आउटर पट्टीत टेकवायचा आहे आणि सीट लावायच्या आधी स्क्रूड्रायव्हरने तुमच्यासमोर करून दाखवायचं आहे. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेकदा कव्हर उघडून ती ओढून बघत चला, वर्षभर न हललेली केबल आतल्या आत गंजून धरते आणि मग ऐन वेळी तीही येत नाही. ओढल्यावर जड लागली तर तोंडाशी ऑईलचे दोन थेंब सोडून पाच-सहा वेळा मागेपुढे करा, तरीही मोकळी झाली नाही तर इनर आणि आउटर दोन्ही बदला, नुसती इनर बदलून गंजलेल्या आउटरमध्ये घालू नका.